बिल आप्पांच्या नावावर

माझ्या कॉम्प्रेसरच्या वॉरंटी कार्डावर कापडण्याकडच्या एका शेतकऱ्याचं नाव आहे. मी त्यांना आप्पा म्हणते, कारण दुकानात सगळे म्हणत होते. बाकी ओळख शून्य. परवा मशीनची तक्रार करायला फोन केला, तर दुकानदार म्हणतो, "ताई, कार्ड ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या." म्हणजे आता मी धुळ्याहून निघून एका परक्या माणसाला वावरातून उठवून आणायचं, की चला आप्पा, आपलं मशीन बिघडलं.

मी पडवीत लाकूडकाम करते. ब्रशने रंग दिला की रेघा उठतात, म्हणून स्प्रे गन घेतली, आणि गनला दाबाची हवा लागते, ती कॉम्प्रेसर देतो. एवढंच.

दुकान मोटर-पंपांचं. स्टुलावर आप्पा बसलेले, विहिरीच्या मोटरचा स्टार्टर घ्यायला आलेले, हातात चहा. मी विचारलं, "याचा सीएफएम किती?" दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे वळून उत्तर दिलं, "आप्पा, टाकी ५० लिटरची आहे."

आप्पांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, स्टार्टरबरोबर टाकी फुकट आहे.

"मी टाकी नाही, हवा विचारतेय. मिनिटाला किती घनफूट?"

"आप्पा, ताईंना सांगा, दोन एचपी आहे. काही कमी पडत नाही."

आप्पांनी निष्ठेने माझ्याकडे तोंड केलं. "दोन एचपी शे, बाई." आणि मग स्वतःच नाराज होऊन, "दोनच? मन्ही वावरनी मोटर पाच एचपीनी शे."

टाकी कितीही मोठी असो, नळच येत नसेल तर काय होतं, हे धुळेकराला समजावून सांगावं लागू नये. माझ्या गनवर ६ सीएफएम लिहिलंय. टाकीतली साठवलेली हवा थोडा वेळ पुरते, पुढे पंप जेवढी देईल तेवढीच. आणि मशीनवर छापलेला आकडा असतो डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे सिलिंडरचं माप गुणिले फेरे. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, जिला एफएडी म्हणतात, ती त्याहून पाव हिस्सा तरी कमी, कधी आणखी कमी. हा दुसरा आकडा कुठे लिहिलाय, एवढंच मला हवं होतं.

"आप्पा, ताईंना म्हणावं साहेबांना पाठवून द्या. त्यांना समजावून सांगतो."

आमचे साहेब! एमसीबी पडून लाईट गेली की हे देवघरात दिवा लावून शेजाऱ्यांची वाट बघतात. त्यांच्या जन्मापासून घरात जेवढे बल्ब बदलले गेले, तेवढे एकतर सासूबाईंनी किंवा मी. पण दुकानदाराला साहेब पाहिजेत, आणि साहेब नसतील तर आप्पा चालतील.

आप्पांना मात्र आता रस वाटू लागला होता. "बाईले हवा कसाले जोयजे?"

"रंग माराले, आप्पा."

"मंग ब्रश कसाले शे?" हा प्रश्न योग्य होता, आणि त्या दुकानात मला थेट विचारला गेलेला पहिलाच. मी रेघांचं सांगितलं. त्यांना पटलं. कप खाली ठेवून ते दुकानदाराकडे वळले, "शेवटलं कितलाले देशी?" आणि माझ्या मशीनचा भाव त्या दोघांनी ठरवला. मी पाकीट घेऊन बाजूला उभी. चांगला उतरवला म्हणा, मला तेवढा जमला नसता. "बिल कोणाच्या नावाने?" दुकानदाराने अर्थातच आप्पांना विचारलं, आणि आप्पांनी, स्टार्टरचं समजून, आडनावासकट, गावासकट सांगून टाकलं.

वीज हा वेगळा छळ. २३० व्होल्टवर ही मोटर चालताना ९ अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना पाच-सहा पट ओढते. मीटरपासून पडवीपर्यंत २५ मीटर, वायर एक एमएमची. सुरू होतानाच्या ५० अँपिअरला ४५ व्होल्ट नुसत्या वायरीतच जिरतात. त्यात मे महिना, गल्लीत घरोघरी कूलर. व्होल्टेज २३० वरून १८४ वर आलं की मोटरचा सुरुवातीचा जोर ६४ टक्क्यांवर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. मोटर नुसती "हुंऽऽ" करते आणि एमसीबी खटकन पडतो. वायरमनला म्हटलं, चार एमएमची वायर ओढ आणि १६ अँपिअरचं सॉकेट लाव. तो म्हणाला, "साहेब घरी असतील तेव्हा येतो."

वायर शेवटी मीच ओढली, मेन स्विच बंद करून. आता वायरीत ११ व्होल्टच जातात. तरी मोटर अडते, कारण प्रेशर स्विच फुस्स करत नाही. टाकी भरून मोटर थांबली की पंपाच्या नळीत अडकलेली हवा त्याने सोडून द्यायची असते, नाहीतर पुढच्या खेपेला मोटरला दाबाविरुद्ध उठावं लागतं. हा दोष वॉरंटीत बसतो. मी बसत नाही.

सध्या ती हवा नळीचं नट ढिलं करून हातानेच सोडते, आणि कूलर बंद असतात तेव्हा, भल्या पहाटे रंग मारते. आवाजाने शेजारचे तात्या उठतात. पहिले दोन दिवस कुरकुरले, मग सायकल घेऊन आले. टायरमध्ये हवा भरून घेता घेता मशीनकडे कौतुकाने बघून म्हणाले, "साहेबांनी मशीन मात्र झकास आणलं हं."

मी हवा जरा जास्तच भरली.