फौजीला गणपतीला घरी आणायचंय? मग एवढं कराच

तुमच्या वाडीत एक तरी घर असं असणारच, जिथे ओटीवर देवांच्या तसबिरींशेजारी वर्दीतला फोटो लावलेला असतो. मुलगा लेहच्याही पुढे कुठेतरी, बायको-पोरं इथे, आणि चतुर्थी तोंडावर आलेली. अशा घरासाठी आपण काहीतरी करावं असं तुम्हाला वाटतं. फार चांगलं वाटतं. काय करायचं ते मी सांगतो, यातलं बरंचसं मी स्वतः केलेलं आहे.

सुरुवात तिकिटापासून. आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला घरातल्या पाच माणसांनी पाच मोबाइल घेऊन बसायचं. चतुर्थीच्या आदल्या दिवसाचं तिकीट काढायचं, मग ज्या त्या दिवशी बसून त्याच्या आदल्या आणि पुढच्या दिवसाचंही. ऑफिसातून रजा कधी मिळेल सांगता येत नाही, आणि नको झालेलं रद्द करता येतंच. चार-पाच मिनिटांत वेटिंगही बंद झालं की समजा, देशसेवेचा पहिला टप्पा पार पडला.

फौजी त्या वेळी काय करत असतो? रजा मंजूर होण्याची वाट बघत असतो. कागदावर तो तुमच्या-माझ्यापेक्षा श्रीमंत. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा आणि वर 30 दिवस कॅज्युअल. पण ते दिवस कुठले, हे साहेब ठरवतात. त्यात मराठा पलटण असली तर विचारूच नका, सगळ्यांना एकच चतुर्थी हवी. सगळ्यांना सोडलं तर पोस्टवर मूषकाला उभं करायचं काय? त्यामुळे कुणाचं नाव लागलं ते कळतं अगदी शेवटी. अग्निवीर असेल तर त्याला वर्षाचे सगळे मिळून 30 दिवस, म्हणजे त्याचा हिशोब लवकर संपतो. मग उरतं तत्काळ. ते आदल्या दिवशी उघडतं, एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला. आणि दहा-अकराला हा गडी लेहच्या ट्रान्झिट कॅम्पात, ढग कधी हटतात आणि विमान कधी उडतं याकडे डोळे लावून बसलेला.

इथे तुम्हाला थोडं अपराधी वाटण्याची शक्यता आहे. तेव्हा एक वाक्य पाठ करून ठेवा : ‘त्यांना काय, डिफेन्स कोटा असतो!’ कोटा असतो हे खरंच आहे. तो मोजक्या बर्थचा असतो, हे तुम्हाला माहीत असण्याची काही गरज नाही.

आता प्रत्यक्ष प्रवास. मागे एकदा आमच्या सहा बर्थ कन्फर्म होत्या आणि माणसं पाच. चुलतभावाला ऐनवेळी रजा मिळाली नाही. सहावी बर्थ फुकट घालवायची नाही म्हणून आम्ही तिच्यावर मखर झोपवलं. दादरहून घेतलेलं, घडीचं, सोनेरी झालरीचं. वर चादर पांघरली, हो, एसीत झालरीचा रंग उडाला तर! पनवेलच्या पुढे एक जवान आला. काळी ट्रंक, पाठीवर हिरवी पिशवी, दोन दिवस न झोपलेले डोळे. दबक्या आवाजात म्हणाला, ‘दादा, इथे कोण आहे?’ मी म्हटलं, ‘बाप्पाचं मखर आहे.’ त्याने हात जोडले आणि दाराशी जाऊन ट्रंकेवर बसला. चिपळूण यायच्या आधी कधीतरी जाग आली तर गाडी हिंदकळत होती आणि हा आमच्या बर्थपाशी उभा. मखर घसरत होतं म्हणून त्याने त्याचं एक टोक धरून ठेवलं होतं. मी पडल्या पडल्याच त्याला ‘जय हिंद’ म्हटलं. पांघरुणातून हात काढणं जमलं नाही, पण भावना पोचली असावी. सकाळी त्याच्याबरोबर फोटो काढून स्टेटसला टाकला, 214 जणांनी पाहिला.

रस्त्याने येत असेल तर त्याला म्हणावं ये बाबा. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये हात लागला, खड्ड्यांची सवय त्याला सीमेवर झालेली असेलच.

तो गावात पोचला की तुमचं खरं काम सुरू. तिठ्यावर बॅनर हवा. त्यावर त्याचा फोटो एक आणि इच्छुकांचे चौदा. सत्कार दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ठेवायचा, नाहीतर तो बायकोशी बोलत बसेल. अध्यक्षांनी भाषण यशवंत घाडगे यांच्यापासून सुरू करावं. माणगाव तालुक्यातले, 1944 साली इटलीत लढताना पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथून सुरुवात केली की आजच्या सत्कारमूर्तीपर्यंत यायला आरामात नऊ वाजतात. तोवर त्याची चार वर्षांची पोर मांडवातल्या खुर्चीत झोपी जाते. तिला उचलून घरी न्यायला आजोबा असतातच, सत्कारमूर्तीने मंचावरून उठणं बरं दिसत नाही.

भेटायला जाल तेव्हा प्रश्न क्रमाने विचारावेत. ‘कधी इलंस?’ हा पहिला. ‘परत कधी जातलंस?’ हा लगेच दुसरा, त्याने चप्पल काढण्याच्या आत. तिसरा आवाज जरा खाली आणून : ‘हाडलंस मां?’ कॅन्टीनची बाटली आणली नसेल तर चेहरा पाडायचा, आणली असेल तर ‘एकच?’ म्हणायचं. सीमेवर काय चाललंय हेही विचारा, फक्त उत्तर देऊ देऊ नका. तुमच्या व्हॉट्सअॅपवर त्याच्याहून ताजी माहिती असते.

शिवाय वर्षभर तुंबलेली कामं आहेतच. पडवीची कौलं, माडाच्या झावळा, वायंगणाच्या बांधावरून भावकीशी चाललेली जुनी कटकट, सातबाऱ्यावरचं चुकलेलं नाव. यातलं सातबाऱ्याचं काम तेवढं राहून जाईल, कारण तिथले साहेब गणपतीला गावी गेलेले असतात. त्यांना रजा मिळाली.

आणि वहिनी? तिच्यासाठी काही वेगळं करावं लागत नाही. वर्षभर सासऱ्यांच्या गोळ्या, पोरीची शाळा, गॅस, शेत, बँक हे सगळं ती एकटीच बघते, तेव्हा ती कणखरच असणार. भजनाची बारी तिच्या घरी गेली की उसळ खाता खाता प्रत्येकाने एकेकदा विचारावं, ‘येतलो काय गो यंदा?’ वीस जणांना वीस वेळा तेच उत्तर देऊन झालं की तिलाही खात्री पटते. नाहीच आला, तर ‘आता व्हिडिओ कॉल असतो की!’ म्हणून पुढच्या घरी निघावं.

कधी असंही होतं की तो येतो, पण उशिरा. पाच दिवसांचे गणपती गेलेले, ढोलकी खुंटीला, पाटावर फक्त अक्षता. आमच्या शेजारी असंच झालं. सातव्या दिवशी दुपारी तो पोचला, तर म्हातारीने माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट, उतरवलीच नव्हती. कवंडळं सुरकुतून काळपट पडलेली, तेरडा वाळून खाली गळत होता, सुपारीचा घड तेवढा जागच्या जागी. नेवऱ्यांचा डबा तिने कपाटात कुलूप लावून ठेवला होता. तो आला, ट्रंक ठेवली आणि रिकाम्या पाटासमोर मांडी घालून बसला. अशा वेळी गप्प राहू नये. मी म्हातारीला स्पष्ट सांगितलं, ‘काकी, माटवी उतरव आता, मुंग्यो लागल्यात.’ मग त्याच्याकडे वळून दुसरा प्रश्न विचारला आणि लगोलग तिसरा.

हो, जाताना पिशवी घेऊन जा. बाटली हातात धरून वाडीतून येणं बरं दिसत नाही.