खुलासा : लाल समुद्रातली केबल तुटली म्हणून यूपीआय बंद पडत नाही

‘लाल समुद्रात इंटरनेटची केबल तुटली, आठ दिवस यूपीआय बंद, खात्यातले पैसे आजच काढा’ असा मेसेज लातूर-धाराशिवकडच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं केबलचं तेवढं खरं. सप्टेंबर २०२५मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाहजवळ केबल तुटल्या आणि भारतातही इंटरनेट मंदावलं. पण औशाच्या दुकानात तुम्ही स्कॅन करता, तो व्यवहार एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था) आणि बँकांच्या देशातल्याच यंत्रणेतून होतो. पेमेंटची माहिती भारतातच साठवायची, हा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१८चा आहे.

‘इंटरनेट उपग्रहावरून येतं, केबल-बिबल काही नसतं’ हे काहींचं उत्तरही चूकच. खंडाखंडांतला जवळपास सगळा डेटा समुद्रतळाच्या केबलमधूनच जातो. खोल समुद्रात ती जेमतेम ठिबकच्या नळीएवढी जाड असते! मुंबई, चेन्नई, कोची इथं अशा केबल किनाऱ्याला लागतात. जगभरात वर्षाला दीडशे-दोनशे बिघाड होतात, बहुतेक नांगर नि मासेमारीच्या जाळ्यांमुळं. एक तुटली की डेटा दुसऱ्या मार्गानं वळवतात.

गावात नेट गेलंच, तर आधी रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलीय का ते विचारा. आणि घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसांना बँकेच्या रांगेत उभं करू नका.