'हक्क सरकारनी दिले तरच असतात' हा मेसेज फिरवणाऱ्यांना

आठवडाभर एक मेसेज गल्लीच्या ग्रुपवर, शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर, सगळीकडं फिरतोय. थोडक्यात असा: मानवी हक्क वगैरे काही नसतं, सरकारनी दिले तर हक्क, समाजानी मानले तर हक्क, आणीबाणीत बंद केलेच होते की, पोलीस-कोर्ट मागं नसेल तर नुसता कागद, आणि पटत नसेल तर जंगलात जाऊन वाघाला हक्क सांगून बघा. खाली टाळ्यांचे इमोजी. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

वाघाचं आधी संपवतो. वाघानं माणूस मारला तर आपण त्याच्यावर खुनाची केस टाकत नाही, माणसानं मारला तर टाकतो. हक्क म्हणजे माणसानं माणसाशी कसं वागायचं त्याचा प्रश्न, वाघाचा त्यात संबंधच नाही.

आता 'सरकारनी दिले तर हक्क'. हे सोलापूरच्या माणसानं फॉरवर्ड करावं याचं खरंच वाईट वाटतं, कारण आपल्याच गावात सेटलमेंट आहे. नाव अजून तेच आहे, रिक्षावाल्याला सेटलमेंट म्हणलं की बरोबर नेऊन सोडतो. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा केला, अमुक जमातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार असं ठरवूनच टाकलं, आणि इथं माणसं तारेच्या कुंपणात ठेवली, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही, आणि यातलं काहीच चोरून चाललेलं नव्हतं, कायदा होता, रजिस्टर होतं, पोलीस होते आणि कुंपणाबाहेरच्या बऱ्याच जणांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मेसेजवाल्याच्या हिशोबानं त्या कुंपणात जन्मलेल्या लेकरावर काही अन्याय झालाच नाही, हक्कच नव्हता तर मोडला काय? कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. ३० तारखेपर्यंत सगळं ठीक होतं आणि ३१ ला एकदम चूक ठरलं, असं त्या वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर म्हणून दाखवा. त्या लोकांना आपण विमुक्त म्हणतो, सोडलेले. जे अडवून ठेवलेलं असतं तेच सोडता येतं ना?

'समाज मानतो तेवढेच हक्क' यात समाज म्हणजे नक्की कोण, हे मेसेजमध्ये कुठंच नाही. महाडच्या चवदार तळ्याचं बघा. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, असा सदस्य सीताराम केशव बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळात, १९२३ ला पास झाला, महाड नगरपालिकेनं १९२४ ला तळं खुलं केलं. सरकारनी दिलं होतं, बरोबर? तरी अस्पृश्यांना पाणी घेता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी ओंजळीनं पाणी प्यायलं, त्याच दिवशी त्यांना मारहाण झाली, नंतर तळ्याचं शुद्धीकरण केलं, अस्पृश्यांच्या बाजूनं हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. मग हक्क कधी जन्माला आला, २३, २४, २७ का ३७? तहान लागलेल्या माणसाला विचारा, त्याला पाण्यावरचा हक्क कधीच नवीन नव्हता, अडवणारे मात्र दरवेळी वेगळं कारण सांगत होते.

आणीबाणीचा मुद्दा त्यातल्या त्यात बरा आहे. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाच्या पाचपैकी चार न्यायाधीशांनी सांगितलं की आणीबाणी चालू असताना अटकेविरुद्ध कोर्टात येता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले. त्यांचं म्हणणं, जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क काय फक्त राज्यघटनेच्या कलम २१ मधून आलेला नाही, त्यामुळं ते कलम थांबवलं म्हणून सरकारला माणसाच्या जिवावर मोकळीक मिळत नाही. पुढं सरन्यायाधीशपद त्यांना डावलून ज्युनियरला दिलं गेलं. २०१७ ला प्रायव्हसीच्या केसमध्ये नऊ न्यायाधीशांच्या बेंचनं खन्नांनाच बरोबर ठरवलं. हक्क जर सरकारच्या हातातला स्विच असता तर ७६ चा निकाल चुकीचा म्हणायला जागाच नव्हती.

राहिलं अंमलबजावणीचं. इथं मेसेजवाला अर्धा खरा बोलतोय हे मी मान्य करतो, नुसता हक्क असून चूल पेटत नाही. हे मला पुस्तकातून नाही, घरातून माहितीय. आमची आज्जी बिड्या वळायची. पूर्वभागातलं घर, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, हातात कातर, दिवसभर वाकून हजार बिड्या करून कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथला तपासणारा माणूस कट्टे, म्हणजे बिड्यांच्या जुड्या, उलटेपालटे करायचा आणि मूठ-मूठ बिड्या छाट म्हणून बाजूला टाकायचा. त्यांचे पैसे नाहीत, आणि बिड्या परतही नाहीत. आज्जी घरी येऊन तेलुगूत एकच शब्द बोलायची, मोसम, म्हणजे फसवणूक. तिला शाळा नव्हती, युनो माहीत नव्हतं, कुठल्या कलमाचा पत्ता नव्हता, आणि समाज म्हणाल तर शेजारणी सांगायच्या की सगळीकडं असंच चालतं, गप बस.

बिडी कामगारांचा कायदा १९६६ ला आला, छाटीवरनं भांडण झालं तर ते कुणापुढं न्यायचं याची सोय त्यात केली. पण आज्जी त्याच्या कितीतरी आधीपासनं दाराच्या मागं कोळशानं रेघा मारत होती, किती बिड्या छाट म्हणून गेल्या त्याच्या. कुणाला दाखवायला नाही, विचारणारं कोणीच नव्हतं. दिवाळीला भिंतीला चुना मारायचे, तेवढी जागा ती सोडायला लावायची.