दूध शुद्ध असलं तरी ‘शुद्ध पदार्थ’ नव्हे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: जे सगळीकडे एकसारखं दिसतं ते शुद्ध, म्हणून दूध, मिनरल वॉटर आणि 22 कॅरेट सोनं हे शुद्ध पदार्थ; आणि पिशवीतल्या दुधावर जाड साय धरत नाही, म्हणजे त्यात केमिकल. माझी भाची हे पाठ करून परीक्षेला निघाली होती, म्हणून लिहितेय.

आधी ‘एकसारखं दिसतं’ हे बघू. मिठाचं पाणीही एकसारखंच दिसतं. पण शुद्ध पदार्थात एकच मूलद्रव्य किंवा एकच संयुग असतं, आणि त्याचा उत्कलनबिंदू, म्हणजे उकळण्याचं तापमान, ठरलेला असतो. समुद्रसपाटीला शुद्ध पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं आणि आटेपर्यंत तिथेच राहतं. मिठाचं पाणी आटत जातं तसं तापमान चढत जातं.

दुधासाठी आम्ही स्वयंपाकघरातला दिवा घालवला. एका ग्लासात मीठ विरघळवलेलं पाणी, दुसऱ्यात पाण्यात दुधाचे चार थेंब. मोबाइलच्या टॉर्चवर भोक पाडलेला कागद धरला. मिठाच्या पाण्यात झोताची वाट दिसेना. दुसऱ्या ग्लासात मात्र स्पष्ट पट्टा उमटला, बाजूने किंचित निळसर. स्निग्धांशाचे गोळे आणि केसिन या दुधातल्या प्रथिनाचे कण प्रकाश विखुरतात, त्याचा हा पट्टा. दूध कलिल आहे, म्हणजे न विरघळलेले बारीक कण पसरलेलं विषमांगी (आतून सगळीकडे एकसारखं नसलेलं) मिश्रण.

सायीचा आरोप तर साफ चुकीचा. गाईच्या दुधातले स्निग्धांशाचे गोळे सरासरी 3-4 मायक्रोमीटरचे असतात. प्रचंड दाबाने दूध अरुंद फटीतून ढकललं की ते फुटून बहुतेक 1 मायक्रोमीटरहून लहान होतात आणि वर येऊन साचत नाहीत. यात केमिकल लागत नाही. पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ छापलेलं असलं तरी दूध समांगी, म्हणजे आतून सगळीकडे एकसारखं, होत नाही. गोळे बारीक होतात इतकंच. भेसळ होते हे खरं, पण ती तपासणीतून कळते, सायीवरून नाही.

सोन्यावरचा 916 चा शिक्काच सांगतो की हजारात 916 भाग सोनं, बाकी तांबं, चांदी वगैरे. ते समांगी मिश्रण. मिनरल वॉटरही तसंच, त्यात क्षार विरघळलेले असतात.

भाचीने मग तुपाची बरणी पुढे केली. खाली रवा, वर पातळ थर. सगळं एका तापमानाला वितळत नाही, हे तिचं तिनेच ओळखलं.