६जीचं भांडण आणि सरकणारी अँटेना

भारतातल्या मित्रांच्या ग्रुपवर ६जी निघालं की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते घरात धड फोन लागत नाही आणि म्हणे ६जी, आधी ५जी तरी नीट चालवा. दुसरी लगेच मार्च २०२३ चं भारत ६जी व्हिजन काढते, जगातल्या ६जी पेटंटांपैकी १० टक्के आपली असणार वगैरे. मी इंग्लंडमध्ये याच धंद्यात आहे म्हणून मग मला विचारतात, तिकडे काय चाललंय रे? आणि मी फ्लुइड अँटेनाबद्दल बोलायला लागलो की दोन्ही पार्ट्या गप्प, कारण ते कोणाच्याच कामाचं नसतं.

प्रकार असा आहे. फोनपर्यंत येणारा सिग्नल म्हणजे भिंतींवर, गाड्यांवर, माणसांवर आपटून आलेल्या असंख्य लाटांची बेरीज. कुठे त्या एकमेकींना जोर देतात, कुठे एकमेकींना खाऊन टाकतात. ३.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर, त्यामुळे चांगली जागा आणि मेलेली जागा यांच्यात दोन-चार सेंटिमीटरचाच फरक असू शकतो, म्हणून तर फोन जरासा सरकवला की तुटणारा आवाज परत येतो. यावर मायमोचा, म्हणजे एकाच वेळी अनेक अँटेना वापरायच्या पद्धतीचा, उपाय म्हणजे अँटेना वाढवा, पण प्रत्येक अँटेनामागे वेगळी रेडिओ सर्किट लागते, मध्ये अंतर ठेवावं लागतं आणि फोनमध्ये जागा असते कुठे? २०२० मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे काय-किट वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटं मांडलं, अँटेना एकच ठेवा, सर्किट एकच ठेवा, पण छोट्याशा पट्टीत जिथे सिग्नल बरा असेल तिथे तिला सरकू द्या, हीच फ्लुइड अँटेना. (प्रेरणा ब्रूस ली आणि त्याचं पाण्याचं तत्त्वज्ञान, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. इंजिनियर लोकांकडून ही अपेक्षा नव्हती.)

मला खरा आवडलेला भाग पुढचा आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर बरेच लोक बोलत असतील तर आज बेस स्टेशनला प्रत्येकाचा चॅनल, म्हणजे त्याच्यापर्यंत सिग्नल कसा पोचतो ते, मोजून, गणित करून बीम वळवावे लागतात. फ्लुइड अँटेनात प्रत्येक फोन स्वतःपुरती अशी जागा शोधतो जिथे दुसऱ्यांचा गोंगाट नेमका मेलेला आहे. म्हणजे जी फेडिंग, सिग्नलचं हे जागोजागी कमी-जास्त होणं, आम्ही आयुष्यभर शत्रू मानली तीच कामाला लावायची, आणि बेस स्टेशनच्या डोक्यावरचं बरंच ओझं कमी.

आता ग्यानबाची मेख. कागदावर हे फार छान दिसतं आणि यातले बहुतेक पेपर कागदावरच आहेत. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये शेजारशेजारच्या जागांचा परस्परसंबंध फारच सोपा धरला होता, नंतर इतरांनी तो नीट धरल्यावर फायदा आहे तसा दिसला पण थोडा आटला. आणि अँटेना सरकवायला नळीत द्रव धातू वापरायचा म्हणाल तर गॅलियम-इंडियमचं मिश्रण साधारण १५.५ अंशांना वितळतं, म्हणजे इथल्या हिवाळ्यात बाहेर ठेवलं तर गोठायची भीती, वर हवा लागली की त्यावर ऑक्साइडची साय धरते आणि नळीच्या भिंतीला चिकटते. शिवाय द्रव हलवायला मिलिसेकंद लागतात आणि ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत चॅनल तेवढ्यातच बदललेला असतो. म्हणून आता भर पिक्सेल अँटेनावर आहे, धातूचे छोटे तुकडे इलेक्ट्रॉनिक स्विचने जोडायचे-तोडायचे, काहीच वाहत नाही पण काम तेच आणि खूप जलद.

म्हणजे गणित पुढे गेलंय, वस्तू मागे आहे. आणि ग्रुपवरचं भांडण मला इथेच फुकट वाटतं. टक्केवाली पार्टी भारतीय इंजिनियर आरोग्यस्वामी पॉलराज यांचं नाव घेते, की मायमोचं १९९२ च्या अर्जाचं पेटंट त्यांचं. बरोबर, पण स्टॅनफर्डला जायच्या आधी त्यांनी भारतीय नौदलासाठी सोनार बांधलं होतं, खऱ्या जहाजांवर चालणारं, हे कोणी सांगत नाही. आणि "आधी ५जी चालवा" वाल्यांना ५जीआय आठवत नाही, खेड्यात टॉवर ६ किलोमीटर अंतरावर असले तरी चालावं म्हणून भारतात बनलेलं, आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेने मान्य केलेलं स्टँडर्ड. त्याला आपल्याच मोबाईल कंपन्यांनी खर्च वाढेल म्हणून विरोध केला, शेवटी ते ३जीपीपी या मोबाईलची जागतिक स्टँडर्ड ठरवणाऱ्या गटाच्या रिलीज १७ मध्ये विलीन झालं. म्हणजे आपल्या अडचणीवरचं संशोधन आपल्याकडे होतं, फक्त त्याच्या मागे उभं कोण राहणार हा प्रश्न असतो.

इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असं समजू नका. २०२० मध्ये याच देशात ५जीमुळे करोना पसरतो म्हणून लोकांनी टॉवर जाळले, आणि हुआवे या चिनी कंपनीचं सामान २०२७ अखेरपर्यंत ५जीमधून काढायचं म्हणून कंपन्या अजून उपसाउपशीच करतायत. ट्रेनमध्ये बसलं की नेटवर्क जातं ते जातंच. पण एक मान्य करावं लागतं, की असली अर्धवट, जराशी विचित्र कल्पना मांडली तर कोणी पेटंट किती म्हणून विचारत बसलं नाही, लोकांनी चुका काढल्या, मॉडेल बदललं, मग कोणीतरी पिक्सेलचा बोर्ड बनवून मोजायला बसलं.

माझं मत विचाराल तर ६जीच्या पैशातला मोठा वाटा अँटेना मोजायच्या बंदिस्त खोल्या, स्विच आणि प्रोटोटाइप यांवर जावा, आणि त्या खोल्यांमध्ये आयआयटीच्या बाहेरच्या कॉलेजातल्या पोरांनाही वेळ मिळावा. २०३० च्या आसपास ६जी येईल तेव्हा पहिल्या फोनमध्ये ही अँटेना असेल असं मला वाटत नाही, आधी लॅपटॉप, गाड्या, घरातले राउटर, जिथे जागा आणि बॅटरीची मारामारी कमी. तिथल्या बोर्डांची डिझाइनं अजून कोणाचीच पक्की नाहीत.