मामांची जागा रिकामी आहे

सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉयला मामा म्हणतात आणि आयाबाईंना मावशी. सोलापुरात लहानपणापासून हेच ऐकत आलो, त्यामुळं त्यात काही नवल आहे असं कधी वाटलं नाही. मागं एका डिसेंबरात सुट्टीवर आलो होतो, तेव्हा आमचे अप्पा, म्हणजे थोरले चुलते, न्हाणीत घसरून पडले. खुब्यापाशी हाड मोडलं. अकरा दिवस जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात काढले. तिथं रात्रपाळीला दोन मजल्यांत मिळून एकच मामा. मग माझा भाचा मामा झाला, मी मामा झालो, दादाचे दोन दोस्तही मामा झाले.

माझं पोट याच कामावर चालतं, हे आधी सांगायला हवं. बायको नर्स. तिच्या व्हिसावर मी २०१९ साली इंग्लंडात आलो. त्याआधी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायचो. आता मिडलँड्समधल्या एका रुग्णालयात पोर्टर आहे. पेशंटला वॉर्डातून एक्स-रेला न्यायचं, परत आणायचं, रक्ताच्या पिशव्या पोचवायच्या, कुणी गेलं तर शवागारापर्यंत सोबत करायची. तासाला साडेबारा पौंडांच्या आसपास मिळतात. काम हातातल्या यंत्रावर येतं. पेशंट उचलला की बटण दाबायचं, पोचवला की परत दाबायचं.

म्हणून अप्पांचं स्ट्रेचर हातात आलं तेव्हा माझं लक्ष आधी चाकाकडं गेलं. पुढचं डावं चाक फिरतच नव्हतं, फरफटत होतं. खाली वाकून बघितलं तर बँडेजचा दोरा आणि बायकांचे केस आसाभोवती गुंडाळून गच्च बसलेले. दादाच्या मोटरसायकलच्या किल्लीनं उकरून काढले. चांगली वीतभर गुंतवळ निघाली. उठून उभा राहिलो तर मागं एक माणूस सलाईनची बाटली डोक्यावर धरून उभा. म्हणाला, "ओ मामा, आमचं पण बघता का जरा?"

दादाशी दर रविवारी फोन होतो आणि दर रविवारी भांडण होतं. त्याचं म्हणणं सोपं आहे. "तुमच्याकडं सगळं फुकट अन् वेळेवर हाय बे. आमच्याकडचे सरकारी दवाखाने एकदा खासगीवाल्याला देऊन टाकायला पाहिजेत." यातलं फुकट तेवढं जवळपास खरं. १९४८ च्या ५ जुलैला सुरू झालेली इथली सरकारी आरोग्यसेवा करातून चालते, ऑपरेशन करून घरी जाताना कुणी बिल हातात देत नाही. (इंग्लंडात औषधाच्या चिठ्ठीला, म्हणजे एकेका औषधाला, ९ पौंड ९० पेन्स पडतात. शेजारी वेल्समध्ये तेही नाहीत.) बाहेरून येणाऱ्याला मात्र व्हिसाबरोबर वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. माझे आयटीतले मित्र तो भरतात, वर करही भरतात. बायको आरोग्यसेवेत असल्यामुळं आम्हाला माफ आहे.

वेळेवर हे मात्र अजिबात खरं नाही. इमर्जन्सीत आलेल्या शंभरातल्या ९५ जणांना चार तासांत तपासून दाखल तरी करायचं नाहीतर घरी तरी सोडायचं, असं इथलं उद्दिष्ट होतं. ते २०१५ नंतर देशपातळीवर एकदाही गाठलेलं नाही. ऑपरेशन आणि तज्ज्ञांच्या तपासणीसाठीची यादी २०२३ च्या सप्टेंबरात सत्याहत्तर लाखांवर गेली होती. ऐंशी-पंच्याऐंशीच्या आजीबाई कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर नऊ-नऊ तास पडून असतात. त्यांना मी भिंतीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवतो, कारण दुसरी ट्रॉली यायची असते. काही रुग्णालयांनी तर कॉरिडॉरसाठी वेगळ्या नर्सेस नेमायच्या जाहिराती दिल्या. दादाला हे सांगितलं की तो म्हणतो, "मग काय उपयोग झाला तिकडं जाऊन?"

एक फरक मात्र मला ट्रॉली ढकलता ढकलता कळला. माणसं दोन्हीकडं कमीच आहेत. पण त्या कमतरतेचे पैसे कोण भरतं, ते वेगळं आहे.

इथं नर्सची जागा रिकामी राहिली तर रुग्णालयाला त्या रात्रीपुरती एजन्सीची नर्स आणावी लागते आणि ती महाग पडते. इंग्लंडनं २०२२-२३ मध्ये अशा एजन्सीच्या माणसांवर साडेतीन अब्ज पौंडांच्या आसपास खर्च केला. त्यावरून बोंबाबोंब होते, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. रिकामी जागा तिजोरीला टोचते, म्हणून ती भरायची निकड निर्माण होते. (भरतात कुठून, तर आमच्याकडून. माझ्या बायकोचं शिक्षण महाराष्ट्राच्या सरकारी कॉलेजात झालं आणि तिचा पगार ब्रिटनमध्ये होतो. डॉ. कोटणीस आमच्या सोलापूरचे म्हणून आम्ही कॉलर ताठ करतो. ते १९३८ साली चीनला गेले ते पगारासाठी नव्हे, हे अशा वेळी आठवलं की मी गप्प बसतो.)

आपल्याकडं रिकामी जागा टोचत नाही, उलट वाचवते. मामांचं पद भरलं नाही तर त्यांचा पगार वाचला, आणि काम काही अडलं नाही, कारण भाचा आहेच. तो स्ट्रेचर ढकलतो, रक्ताचा नमुना आणि चिठ्ठी घेऊन रक्तपेढीला पळतो, रिपोर्ट आणतो, रात्री सलाईन संपत आलं की सिस्टरला उठवतो. सिस्टर तरी काय करणार, चाळीस खाटांना त्या एकट्या. त्यांना पाठ टेकलेली मी अकरा दिवसांत बघितली नाही, म्हणून त्या दवाखान्याचं नावही मी लिहीत नाही.

भाचा यंत्रमागावर कामाला आहे. माग चालला तर पैसे, बंद तर बंद. अकरातल्या आठ दिवसांचा त्याचा रोज बुडाला. अप्पांच्या उपचाराला पैसा लागला नाही, हे खरंच आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं नि:शुल्क आहे. हा निर्णय मला मनापासून पटलेला आहे. (वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडं असल्यामुळं त्यातून वगळली गेली. आमचं सिव्हिल हे डॉ. वैशंपायन कॉलेजचं, म्हणजे तेही वगळलेल्यांतच आलं. धाराशिवपासून कलबुर्गी-विजयपूरपर्यंतचा पेशंट सोलापुरात जिथं येतो, ती जागा हीच.) पण नि:शुल्क दवाखान्यानं आमच्या घराकडून आठ दिवसांची मजुरी घेतलीच. सरकारी राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. चांगली गोष्ट आहे. फक्त भाच्याचा बुडालेला रोज त्या खिशात धरलेला नाही.

आपल्याकडच्या चर्चा या अंगानं होतच नाहीत. विमा पाच लाखांचा झाला, नवी इमारत झाली, एमआरआय आला, फीत कापली. यातलं काहीच वाईट नाही. महात्मा फुले योजनेतून माझ्याच मावसभावाची अँजिओप्लास्टी झाली, आरोग्यमित्रानं कागद भरून दिले, एक रुपया लागला नाही. पण इमारतीबरोबर आकृतिबंध, म्हणजे कुठली पदं किती याचा आराखडा, मंजूर झाला का, आणि मंजूर पदांतली भरली किती, हा प्रश्न दहाव्या पानावर जातो. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात चोवीस मृत्यू झाले. त्यानंतर एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. आमच्या घरात ती चित्रफीत सगळ्यांनी बघितली. कुणाला बरं वाटलं, कुणाला वाईट. त्या स्वच्छतागृहासाठी सफाई कामगारांची पदं किती आणि त्यातली भरलेली किती, हे मात्र आमच्यातल्या कुणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

राहिला दादाचा ठेकेदारीचा मुद्दा. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या सरकारनं नऊ खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि आरडाओरडा झाल्यावर ऑक्टोबरात मागं घेतला. ब्रिटननं हा रस्ता १९८३ मध्येच धरला होता, सफाई, धुलाई आणि स्वयंपाकाच्या कामांपासून. पोर्टरही पुढं बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराचे झाले. मी पहिली दोन वर्षं तसाच होतो. ठेकेदाराला नफा काढायचा तर तो माणसांतूनच निघतो, साबणातून किती निघणार? माझ्या पाळीला सहाजण असायला हवेत तर चौघं असायचे आणि कागदावर सगळं नीट दिसायचं. चांगला ठेकेदार नसतोच असं मी म्हणत नाही, मला भेटला नाही एवढंच.

दादाचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. तो म्हणतो, "अप्पांना आम्ही दुधात भाकरी कुस्करून भरवली. तुमच्याकडं कोण भरवतंय?" खरंय. इथं जेवणाचा ट्रे तसाच परत जाताना मी रोज बघतो. पेशंटचा हात पोचत नाही, मुलगी दोनशे मैलांवर, नर्सला वेळ नाही. उशाशी आपलं माणूस असणं ही आपली श्रीमंती आहे, ती मोडून इथल्यासारखं एकटं पडावं असं मला मुळीच वाटत नाही. पण भरवायला बसलेल्या माणसाला उठवून "जा, नमुना देऊन ये" म्हणणं वेगळं. भाचा चार वेळा असा अर्ध्यातून उठला. मग भाकरी कुणी भरवली? शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोनं. ती कुंभारीची विडी कामगार, आमच्याशी मराठीत आणि नवऱ्याशी तेलुगूत बोलायची. पाच दिवस तिचीही विडी वळायची राहिली होती.

मागच्या रविवारी दादाचा फोन आला. अप्पा आता काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात, त्यांना तपासणीला नेलं होतं. ते रात्रपाळीचे मामा निवृत्त झाले म्हणाला.

"त्यांच्या जागेवर कोण आलं?"

"ते नाही विचारलं बे. पण तुझ्या त्या स्ट्रेचरचं चाक परत अडकलं होतं. किल्ली होती खिशात, काढलं मी."