फायरफॉक्सने जाहिरातींच्या धंद्यात उतरू नये

सध्या मराठी टेक ग्रुपांवर एक पोस्ट जोरात फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: इंटरनेट फुकट मिळतं ते जाहिरातींमुळे. फायरफॉक्स हा ब्राउझर तसाही गूगलच्या जाहिरातींच्या पैशावर जगतो. आता खासगीपणा जपून जाहिराती मोजता येतात, ब्रेव्ह या दुसऱ्या ब्राउझरने हा मार्ग कधीच धरला. म्हणून फायरफॉक्सनेही या धंद्यात उघडपणे उतरावं, नाहीतर तो मरेल. मुलुंडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवरही ती आली. तिथे मी संगणक शिकवते आणि बहुतेकांच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स मीच टाकून दिला आहे. त्यामुळे उत्तर देणं माझ्यावर येतं.

"इंटरनेट फुकट मिळतं ते जाहिरातींमुळे." बरंचसं खरं आहे, आणि जाहिरातींशी माझं भांडण नाही. लोकलच्या डब्यातली क्लासची जाहिरात सगळ्यांना सारखीच दिसते आणि मी उतरले की डब्यातच राहते. वेबवर तसं होत नाही. पान उघडत असतानाच, डोळ्याची पापणी लवायच्या आत, तिथल्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो. बोली लावता यावी म्हणून तुम्ही कुठे आहात, कुठला फोन वापरता, काय वाचता आहात ही माहिती अनेक कंपन्यांना धाडली जाते. जागा एकाच कंपनीला मिळते, पण माहिती हरलेल्यांकडेही पोचलेली असते. आणि एवढं केल्याशिवाय पैसा मिळत नाही, असंही नाही. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२० मध्ये आपल्या साइटवर पाळत ठेवणाऱ्या जाहिराती थांबवल्या आणि कार्यक्रमाचा विषय बघून जाहिराती द्यायला सुरुवात केली. उत्पन्न घटलं नाही, वाढलं.

"आता खासगीपणा जपून मोजणी करता येते." इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण पोस्टमधला हाच मुद्दा लोकांना पटतो आहे. जून २०२४ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ॲनॉनिम ही जाहिरात मोजणारी कंपनी विकत घेतली. फेसबुकची मालक असलेल्या मेटामधून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्यांनी ती उभी केली होती. पुढच्याच महिन्यात फायरफॉक्सच्या १२८ व्या आवृत्तीत जाहिरात मोजण्याची एक प्रायोगिक सोय आली. तुम्ही जाहिरात पाहिली आणि नंतर वस्तू घेतली, तर ती नोंद ब्राउझर स्वतःच ठेवायचा. मग तिचे कूटबद्ध तुकडे करून दोन वेगवेगळ्या संस्थांच्या सर्व्हरवर पाठवायचा, म्हणजे कुणा एकाला तुमची नोंद वाचता येत नसे. जाहिरातदाराला मिळायची ती फक्त बेरीज, तीही मुद्दाम थोडी धूसर केलेली. तंत्र म्हणून ही रचना चांगली आहे, हे मी मनापासून मान्य करते.

पण ती सोय कुणालाही न विचारता चालू करून ठेवली होती. संघातल्या एका काकांच्या लॅपटॉपवर सेटिंग्ज दाखवताना खासगीपणाच्या पानावर खाली ती टिक केलेली चौकट दिसली. काकांनी विचारलं, "ही मी कधी केली?" त्यांनी केलीच नव्हती. मोझिलाकडून तेव्हा खुलासा आला की हे समजावून सांगणं अवघड आहे आणि परवानगीच्या खिडक्यांनी लोक वैतागतात. मला हे अजिबात मान्य नाही. जे समजावता येत नाही, ते बंद ठेवावं. सप्टेंबर २०२४ मध्ये खासगीपणाच्या हक्कासाठी लढणाऱ्या नॉयब या संस्थेने याच मुद्द्यावर ऑस्ट्रियाच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार केली.

दुसरं असं, की ही मोजणी जुन्या पाळतीच्या जागी आली नाही, तिच्यात भर म्हणून आली. चांगला पर्याय दिला की जाहिरातदार वाईट मार्ग सोडतील, ही आशा गूगलनेही दाखवली होती. क्रोममधून त्रयस्थ कुकीज, म्हणजे एका साइटवर असताना दुसऱ्याच कंपनीने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखखुणा, दोन वर्षांत काढू, असं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. मुदत पुढे पुढे ढकलत जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. सगळ्यात मोठ्या ब्राउझरने जे करून दाखवलं नाही, ते वापरकर्त्यांचा जेमतेम काही टक्के वाटा उरलेला फायरफॉक्स कसं करून घेणार?

"तसाही तो गूगलच्या पैशावर जगतो." हो, मोझिलाच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग गूगलला डिफॉल्ट, म्हणजे न निवडता आपोआप मिळणारं, सर्च ठेवण्याच्या करारातून येतो. हे मलाही खुपतं. तरी त्या करारात आणि स्वतःच्या जाहिरात व्यवसायात मोठा फरक आहे. सर्चचं डिफॉल्ट समोर दिसतं, दोन क्लिकमध्ये बदलता येतं. आणि तो पैसा घेत असतानाच फायरफॉक्सने जून २०२२ मध्ये प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात कोंडायला सुरुवात केली, तीही सर्वांसाठी. स्वतःची कमाई जाहिरात मोजण्यावर अवलंबून असती, तर हा निर्णय इतक्या सहज झाला असता का? खासगीपणाचं नाव घेणाऱ्या डकडकगो या सर्च कंपनीचं बघा. त्याच २०२२ मध्ये उघड झालं, की त्यांचा ब्राउझर इतर साइट्सवरचे मायक्रोसॉफ्टचे काही ट्रॅकर, म्हणजे पाळत ठेवणारे कोड, अडवत नव्हता, कारण सर्चच्या जाहिरातींसाठी मायक्रोसॉफ्टशी केलेला करार आड येत होता. बोभाटा झाल्यावर ऑगस्टमध्ये ते सुधारलं. मोझिलाने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या प्रश्नोत्तरांतून "तुमचा डेटा कधीच विकणार नाही" हे आश्वासन काढलं. विक्रीची कायदेशीर व्याख्या ठिकठिकाणी वेगळी आहे आणि नव्या टॅबवरच्या जाहिरातींसाठी भागीदारांना काही माहिती द्यावी लागते, असं कारण सांगितलं. धंदा आला की आश्वासनांना अशा अटी चिकटतात.

ब्रेव्हच्या उदाहरणात एक गोष्ट चांगली आहे: त्यांच्या सूचनांच्या स्वरूपातल्या जाहिराती आपण सुरू केल्या तरच येतात. पण २०२० मध्ये त्याच ब्रेव्हने बायनान्स या क्रिप्टो चलनाच्या बाजाराचा पत्ता टाइप करणाऱ्यांच्या ॲड्रेसबारमध्ये स्वतःचा कमिशन कोड जोडला होता, आणि मग माफी मागितली.

"नाहीतर मरेल." पैशाची अडचण खरी आहे. २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० जणांना कामावरून कमी केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने सर्चमधली गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली, तेव्हा मोझिलाचा गूगलशी असलेला करारच जातो की काय अशी धास्ती होती. सप्टेंबर २०२५ च्या निकालाने गूगलला असे पैसे देण्याची मुभा ठेवली. पण जाहिरातींचा प्रयोग फायरफॉक्सने आधीही केला आहे. नव्या टॅबवरच्या प्रायोजित चौकटी पहिल्यांदा २०१४ मध्ये आणल्या आणि २०१५ संपता संपता स्वतःच गुंडाळल्या.

मोझिलाच्याच घरातल्या थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रामला मात्र २०२२ मध्ये वापरकर्त्यांनी ६४ लाख डॉलरहून जास्त देणग्या दिल्या. फायरफॉक्सचा खर्च याच्या कितीतरी पट आहे, तेवढ्यावर तो चालणार नाही हे मला कळतं. पण आज मोझिला फाउंडेशनला दिलेली देणगी फायरफॉक्सच्या कामाला लागतच नाही, कारण तो बनवणारी कंपनी वेगळी आहे. आमच्या संघातले कितीतरी जण वर्षाला दोनशे-तीनशे रुपये आनंदाने देतील. जाहिरातदारांकडे जाण्याआधी मोझिलाने फायरफॉक्सच्या पानावर ते बटण तरी ठेवावं.